कंपनीचा जन्मदाखला म्हणजे गावाची परवानगी नव्हे



रोवणीचे दिवस आहेत, लांबलचक वाचायला कुणाला सवड नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी हा लेख फेकून देऊ नका. रात्री गोटुलात बसून कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण यात आमच्या हातून झालेली एक चूक लिहिली आहे आणि ती तुमच्या गावात होऊ नये असं आम्हाला वाटतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात दोन जीपगाड्या आल्या. पहाडीवर भोकं पाडून दगडाचे नमुने काढायचे होते. गावपाटील आडवे गेले आणि म्हणाले, "कोण तुम्ही? कोणाला विचारून आले?" त्यांच्यातल्या साहेबाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का आणि सही, सगळा मजकूर इंग्रजी. साहेब म्हणाला, "बाबा, भारत सरकारची परवानगी आहे. दिल्लीची." पाटील आमच्याकडे पाहू लागले. आम्ही बारावी शिकलेले तिघे तिथंच उभे होतो. 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया' एवढं वाचलं, सिंह पाहिले, आणि मान हलवली. पाटील बाजूला झाले. गाड्या पहाडीवर चढल्या.

पुढे संघटनेच्या शिबिरात वकील आले होते, त्यांना आम्ही त्या कागदाची झेरॉक्स दाखवली. ते हसले नाहीत, हे त्यांचं बरं. म्हणाले, "अरे, हा परवाना नाही. हा कंपनीच्या जन्माचा दाखला आहे. अमुक नावाची कंपनी अमुक तारखेला नोंदली गेली, एवढंच यात लिहिलंय." कंपनी कलकत्त्याला जन्मलेली. आमच्या पहाडीबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. आमच्या आयाबायांकडे लेकरांचे जन्माचे दाखले आहेत, ते दाखवून कुणी दुसऱ्याच्या घरात चूल मांडतं का?

ती कंपनी तीन महिने राहिली. आमच्या आणि शेजारच्या टोल्यावरच्या सव्वीस पोरांना कामाला लावलं. आधी आठवड्याला पैसे मिळाले, मग पंधरवड्याला, आणि शेवटच्या दीड महिन्याची मजुरी न देताच एका रात्री तंबू उठला. ठेकेदाराचा फोन बंद. आम्ही कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. त्यांनी नोटीस काढली, आणि ती परत आली. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, "या पत्त्यावर कोणी राहत नाही." जो पत्ता दिला होता तो तालुक्याच्या ठिकाणच्या एका भाड्याच्या खोलीचा निघाला. तीन महिने पहाडीवर यंत्रं धडधडत होती, तेव्हा कंपनी सगळ्यांना दिसत होती. नोटीस घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र जिल्ह्यात तिचं कोणीच नव्हतं.

यावरून आमच्या बैठकीत मोठा वाद झाला. पहिल्या मोर्चात आम्ही फलक केला होता, "परराज्यातली कंपनी, परत जा!" तहसीलमध्ये एक अधिकारी फलक वाचून म्हणाले, "समजा उद्या नागपूरची कंपनी आली. मग काय, तिला हार घालणार का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि आमचा फलक अर्धवट होता. कंपनी कलकत्त्याची की मुंबईची, यावर गोष्ट अडत नाही. तिला इथं काम करायची मोकळीक कुणी दिली, कोणत्या कागदावर दिली, आणि त्या कागदात आमच्या ग्रामसभेचा ठराव आहे की नाही, हे विचारायला पाहिजे होतं.

कायदा काय म्हणतो ते आम्हाला समजलं तसं सांगतो.

आपल्या देशात कंपनीची नोंद एका ठिकाणी होते, ज्या राज्यात तिचं नोंदणी कार्यालय आहे तिथल्या कंपनी निबंधकाकडे. एकदा ती झाली की कंपनी देशभर कुठंही धंदा करू शकते. महाराष्ट्रात यायचं म्हणून कंपनी म्हणून वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. राज्यघटनेचं कलम ३०१ म्हणतं की देशभर व्यापार मोकळा राहील. खाणीचा कायदा १९५७ चा आहे. तोही एवढंच बघतो की पट्टा मागणारा भारताचा नागरिक आहे किंवा भारतात नोंदलेली कंपनी आहे. कोणत्या राज्यातली, हे विचारत नाही.

परदेशी कंपनी मात्र वेगळी. तिने भारतात कार्यालय उघडलं तर तीस दिवसांत निबंधकाकडे कागद द्यावे लागतात, आणि भारतात राहणाऱ्या एका माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. कंपनीच्या वतीने नोटीस घेणारा माणूस तो. म्हणजे लंडनची कंपनी आली तर नोटीस कुणाला द्यायची ते लिहून ठेवलेलं असतं. कलकत्त्याची कंपनी गडचिरोलीत आली तर तिचा पत्ता कलकत्त्याला. आमच्या पोरांनी दीड महिन्याच्या मजुरीसाठी हावड्याची गाडी धरायची काय?

अमेरिकेत असं नाही, हे वकिलांकडून ऐकलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं. तिथं एका राज्यात नोंदलेल्या कंपनीला दुसऱ्या राज्यात धंदा करायचा असेल तर त्या राज्याकडून वेगळा दाखला घ्यावा लागतो. त्या राज्याच्या हद्दीत पत्ता असलेला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, कोर्टाचा समन्स त्याच्या हातात पडला की कंपनीला पोचला. दाखला न घेता धंदा केला तर दंड, आणि दाखला घेईपर्यंत त्या राज्याच्या कोर्टात कंपनीला स्वतःचा दावा चालवता येत नाही. सगळं जग कंपन्यांसाठी मोकळं करा असं सांगणाऱ्या देशात हे चालतं. त्यांच्या न्यू मेक्सिको राज्यात जिकारिया अपाचे नावाचे आदिवासी आहेत. आपल्या राखीव प्रदेशातून तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्यांवर त्यांनी स्वतःचा कर बसवला. कंपन्या कोर्टात गेल्या. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदिवासींना तो अधिकार आहे. अमेरिकेने आपल्या आदिवासींचं काय काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही. पण एवढी गोष्ट आपल्या सरकारने त्यांच्याकडून शिकावी.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक राज्याने, प्रत्येक गावाने असं नाकं लावलं तर उद्योग येणार कसे, पोरांना काम कुठून मिळणार? आमच्या गावातही दोन-चार जण असं म्हणतात आणि ते काही दलाल नाहीत. त्यांच्या घरात काम नाही, म्हणून म्हणतात. त्यांना आम्ही एकच विचारतो. आपली माणसं मिरची तोडायला सीमेपलीकडे जातात, त्या भागाचं २०१४ साली तेलंगण राज्य झालं. ठेकेदार पाच किंवा जास्त मजूर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेत असेल तर १९७९ च्या कायद्याने त्याला परवाना लागत होता, आणि प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं लागत होतं. पाळत कुणी नव्हतं ते सोडा, पण कायदा होता. मजुराने सीमा ओलांडली तर त्याचा फोटो, नाव, पत्ता, मजुरी सगळं लिहायचं, आणि कंपनीने सीमा ओलांडली तर काहीच लिहायचं नाही, हा कुठला न्याय?

घटनेत कलम ३०१ आहे तशी पाचवी अनुसूचीही आहे. आणि कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की देशात कुठंही फिरण्याच्या आणि राहण्याच्या हक्कावर अनुसूचित जमातींच्या हितासाठी बंधनं घालता येतात. व्यापाराचं पान वाचायचं आणि आदिवासींचं पान उलटून टाकायचं, असं चालणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की राज्याच्या सीमेवर दार नाही, पण अनुसूचित क्षेत्रात दारं आहेत. ती कोणती ते नीट समजून घ्या.

जमीन संपादन करायची असेल तर १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादन कायदा लागू झाला आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची आधी संमती घ्यावी लागते. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्र आहे. वनहक्कांचं काम पूर्ण झालं आहे आणि जमीन द्यायला ग्रामसभेची संमती आहे, असे दोन्ही ठराव त्या पत्राप्रमाणे प्रस्तावाबरोबर लागत होते. सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत. २०१२ च्या वनहक्क नियमांप्रमाणे हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. वाळू, मुरूम, गिट्टी अशा गौण खनिजांचा पट्टा द्यायचा तर पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेची किंवा त्या पातळीवरच्या पंचायतीची शिफारस आधी पाहिजे. पेसाचे महाराष्ट्राचे नियम मार्च २०१४ मध्ये निघाले. कायदा १९९६ चा, नियम २०१४ चे. जन्मलेलं पोर त्या काळात बारावी पास होतं.

पण फसवणूक होऊ नये म्हणून जे नाही तेही सांगतो. लोखंडाचा दगड, बॉक्साईट, कोळसा ही मोठी खनिजं. पेसातलं खनिजाचं कलम त्यांच्याबद्दल गप्प आहे. तिथं जंगल आणि जमीन या दोन दारांवरच उभं राहावं लागतं. आणि ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने केंद्राने रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा अशा लांबट कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली होती. आमच्या मते हे दाराला पाडलेलं भोक आहे. आज रस्ता म्हणून झाडं तोडतील, उद्या त्याच रस्त्याने दगडाचे ट्रक जातील.

जनसुनावणीबद्दल लोकांचा फार घोळ होतो. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष असतात, प्रदूषण मंडळ ती भरवतं, मंडप असतो, जेवण असतं. तिथं तुमचं म्हणणं लिहून घेतात. बोला, जरूर बोला, पण ती ग्रामसभा नाही. तिथं हो म्हटल्याने गावाची संमती होत नाही. आणि जेवणाच्या, ब्लँकेटच्या, स्टीलच्या डब्याच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सही-अंगठा मागितला तर देऊ नका. वर काय लिहिणार ते त्यांच्या हातात राहतं. आमच्या गावात डबे वाटले तेव्हा एका म्हातारीने अंगठा द्यायच्या आधी विचारलं होतं, "डब्याला अंगठा कायले लागते जी?" आम्ही बारावीवाले त्या दिवशीही तिथंच होतो, हे वेगळं सांगत नाही.

दोन निकाल सगळ्यांना माहीत असायला पाहिजेत. पहिला आंध्रचा. विशाखापट्टणम जिल्ह्यात अनंतगिरी भागात आदिवासींच्या जमिनीवर खाजगी कंपन्यांना खाणपट्टे दिले होते. समता नावाची संघटना कोर्टात गेली. तिथल्या कायद्यात लिहिलं होतं की अनुसूचित क्षेत्रातली जमीन आदिवासीखेरीज दुसऱ्या 'व्यक्ती'ला देता येत नाही. सरकार म्हणालं, आम्हाला हे लागू नाही, आम्ही सरकार आहोत. ११ जुलै १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की 'व्यक्ती' म्हणजे कंपनीसुद्धा आणि सरकारसुद्धा. सरकारी जमीन असली तरी तिथं बिगर-आदिवासी कंपनीला पट्टा देता येणार नाही. हा निकाल आंध्रच्या कायद्यावर उभा आहे. आपल्याकडचं महसूल संहितेचं कलम ३६अ आदिवासी खातेदाराच्या जमिनीपुरतं बोलतं, जंगलाच्या जमिनीबद्दल बोलत नाही. म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथं दाखवून काम होत नाही. आमच्यातले काही जण भाषणात तसं ठोकून देतात, ते थांबवलं पाहिजे.

दुसरा ओडिशाच्या नियमगिरीचा. तिथले डोंगरिया कोंध लोक ज्या डोंगराला देव मानतात त्यातलं बॉक्साईट वेदांतच्या लांजीगडच्या कारखान्यासाठी पाहिजे होतं. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवा. सरकारने स्वतःच बारा गावं निवडली, रायगडा जिल्ह्यातली सात आणि कालाहांडीतली पाच. जुलै-ऑगस्टमध्ये सभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश दर्जाचे निरीक्षक बसले होते. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला नकार दिला. आमच्या फलकावर ज्यांचा विश्वास होता त्यांनी एक लक्षात घ्या. खाणीचं काम ज्या महामंडळाच्या नावाने होणार होतं ते ओडिशा सरकारचंच होतं, परराज्यातलं नव्हतं. तरी गावांना विचारावं लागलं.

आणि बाहेरच्याशी व्यवहार करायचं आपल्याला येत नाही असंही नाही. तेंदूपत्त्याचा ठेकेदार तेलंगणाचा असो की गोंदियाचा, ज्या ग्रामसभा स्वतः पत्ता विकतात त्या आधी करारनामा लिहितात, अग्रीम घेतात, मग फळी लावू देतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार गावाच्या हातात आला. बाहेरचा व्यापारी तिथंही येतो. पण तो गावाच्या पावतीवर माल नेतो.

आता आमची मागणी. सरकारने नियम करावा की अनुसूचित क्षेत्रात काम करायला येणारी प्रत्येक कंपनी आणि तिचा प्रत्येक ठेकेदार, कुठल्याही राज्यातला असो, काम सुरू करायच्या आधी जिल्ह्यात एक पत्ता आणि नोटीस घेणारा एक माणूस लिहून देईल. त्याची प्रत ग्रामसभेला मिळेल. त्याशिवाय पहाडीवर यंत्र चढणार नाही. जिथं संमती लागते तिथं ती वेगळी लागेलच, पत्ता दिला म्हणजे संमती मिळाली असं नाही. ही मागणी लहान आहे असं काही साथी म्हणतात. त्यांना वाटतं आपण खाण बंद करा म्हणावं, पत्ता काय मागता? आम्ही म्हणतो, ज्या पोराची दीड महिन्याची मजुरी बुडाली त्याला विचारा पत्ता लहान आहे का.

सरकार नियम करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात काय आहे?

कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जिथं जिथं कंपनी काम करते त्या प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या बाजूला, दिसेल असं, तिचं नाव आणि नोंदणी कार्यालयाचा पत्ता लावावा लागतो, आणि तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या अक्षरांतही. म्हणजे आपल्याकडे मराठीत. न लावल्यास दिवसाला हजार रुपये, एक लाखापर्यंत दंड. पहाडीवरच्या तंबूवर बोर्ड नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा. तिच्या पत्रावर एकवीस अक्षर-आकड्यांचा क्रमांक छापलेला असतो. पहिलं अक्षर, मग पाच आकडे, मग इंग्रजीत दोन अक्षरं राज्याची. एमएच असेल तर महाराष्ट्र, डब्ल्यूबी असेल तर पश्चिम बंगाल, डीएल असेल तर दिल्ली. त्यापुढचे चार आकडे कंपनी कोणत्या वर्षी जन्मली त्याचे. हा क्रमांक उतरवून ठेवा. शाळेत जाणारी पोरगीही हे करू शकते.

मग विचारा, "जन्माचा दाखला पाहिला, आता परवाना दाखवा." खनिज शोधायचं तर राज्य सरकारचा परवाना असतो. जंगलात शिरायचं तर वनविभागाचा कागद असतो. दाखवत नसतील तर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या गावाने एक जाड वही घेतली आहे. बाहेरून कामासाठी जो कोणी येईल त्याचं नाव, कंपनी, तो क्रमांक, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, कोणता कागद दाखवला आणि कोणी पाहिला, हे सगळं त्यात लिहायचं. खाली त्याची सही घ्यायची. वही गावपाटलांच्या घरी असते आणि लिहायचं काम आम्हा तिघांवर टाकलं आहे, शिक्षा म्हणून म्हणा. आतापर्यंत नऊ नोंदी झाल्या. त्यातला एक माणूस सही न करताच माघारी गेला.

मजुरीचं प्रकरण अजून चालू आहे. ठेका कामगारांचा १९७० चा कायदा तेव्हा वीस किंवा जास्त मजुरांना लागू होत होता, आमचे सव्वीस होते. त्यात लिहिलं होतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्या मुख्य मालकाचं ते काम होतं त्याने ती भरायची. म्हणून आता दुसरी नोटीस ठेकेदाराच्या खोलीवर न पाठवता, जन्माच्या दाखल्यावरचं नाव निबंधकाकडे तपासून कलकत्त्याच्या नोंदणी कार्यालयावर पाठवली आहे. पोच आली आहे, शिक्क्यासकट. उत्तर आलेलं नाही. कामगार अधिकाऱ्यांनी पुढची तारीख रोवणीनंतरची दिली आहे. त्या दिवशी सव्वीसही पोरांनी हजेरीच्या चिठ्ठ्या घेऊन यायचं आहे. ज्यांच्या चिठ्ठ्या पावसात भिजल्या त्यांनी आधी आमच्याकडे यावं, आपण त्यांची नावं आणि दिवस लिहून शेजारच्या दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊ.